खोली आहे तेवढीच दिसू दे

आज आपण घराच्या आतले फोटो कसे काढायचे ते बघू. आमच्या कोकणात कितीतरी जणींनी माडीवरची नाहीतर माजघराशेजारची एखादी खोली पाहुण्यांसाठी काढून ठेवली आहे. राहायची सोय आणि सकाळची न्याहारी, असा हा घरगुती धंदा. पाहुणा मुंबई-पुण्यात बसून खोली ठरवतो, ती फोटो बघून. तुमच्या हातची घावनं त्याला फोटोत चाखता येत नाहीत, पण खोली दिसते. म्हणून फोटो म्हणजे आपण त्याला दिलेला शब्द, असं धरून चला.

हे मी ठेच लागून शिकले. पहिल्या वर्षी मोबाइलवरचं ०.५ लिहिलेलं बटण दाबलं आणि आमची दहा बाय बारा फुटांची खोली लग्नाच्या हॉलसारखी दिसायला लागली. मला केवढा आनंद! तोच फोटो पाठवला. मे महिन्यात सहा माणसांचं कुटुंब आलं. त्या बाई दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "फोटोतली मोठी खोली कुठेय?" मी काय बोलणार? दोघं जण ओटीवर झोपले आणि मी एका दिवसाचे पैसे परत केले. बाई भांडल्या नाहीत, पण पुन्हा आल्याही नाहीत.

असं का होतं, ते समजून घेऊ. मोबाइलच्या पाठीवर दोन-तीन काचेचे डोळे असतात. ती भिंगं, म्हणजेच लेन्स. १ लिहिलेली मुख्य लेन्स. ०.५ किंवा ०.६ लिहिलेली रुंद लेन्स. काही फोनमध्ये २ किंवा ३ लिहिलेली, लांबचं जवळ आणणारी लेन्सही असते. रुंद लेन्समध्ये एका नजरेत पुष्कळ मावतं. पण त्यासाठी आपण वस्तूंच्या अगदी जवळ उभ्या राहतो. मग जवळची वस्तू फार मोठी दिसते आणि समोरची भिंत लांब पळते. खोली लांबलचक वाटते ती त्यामुळे. शिवाय फोटोच्या कडेला जे येतं ते ताणलं जातं. कोपऱ्यातला गोल हंडा अंड्यासारखा दिसतो, खाट वीतभर वाढते.

म्हणून खोलीचा फोटो शक्यतो १ वर काढा. खोली मावत नसेल तर मागे सरका. उंबऱ्याबाहेर, पडवीत उभ्या राहा आणि दारातून आत बघत फोटो घ्या. तरीही मावली नाही तर समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन फोटो काढा. २ ची लेन्स खोलीसाठी नको, ती गोधडीचं टाक्याटाक्याचं काम, खिडकीचे जुने गज, असल्या बारकाव्यांसाठी ठेवा.

मग ०.५ कधीच वापरायचं नाही का? न्हाणीघरात मागे सरकायला जागा नसते, तिथे वापरा. पण बादलीसारखी, जिचा आकार सगळ्यांना ठाऊक आहे अशी वस्तू चौकटीच्या मधोमध येऊ द्या. आणि फोटोखाली लांबी-रुंदी फुटांत लिहा. मी आता प्रत्येक खोलीखाली लिहिते, "दहा बाय बारा फूट, चार माणसांसाठी."

गटाच्या पैशातून मोठा कॅमेरा घ्यावा का, असं काही जणी विचारतात. घाई करू नका. काही कॅमेऱ्यांसोबत १८-५५ ची लेन्स येते. तिच्या १८ च्या टोकाला खोली जेवढी दिसते, ती मोबाइलच्या १ वर दिसते साधारण तेवढीच, किंबहुना किंचित कमी. खोल्यांसाठी अशा कॅमेऱ्याला १०-१८ ची वेगळी लेन्स घ्यावी लागते. तेवढ्या पैशात दोन खोल्यांचे पडदे आणि गाद्या होतील.

आता उजेड. इथे एक गंमत आहे. बहुतेक मोबाइलमध्ये ०.५ ची लेन्स मुख्य लेन्सपेक्षा कमी उजेड घेते. म्हणजे अंधाऱ्या माजघरात तीच वापरली तर फोटोत रवा सांडल्यासारखे दाणे दिसतात. कमी उजेडाच्या खोलीत १ ची लेन्स धरायचं हे दुसरं कारण.

पहिली गोष्ट, फ्लॅश बंद ठेवा. त्याचा उजेड चार-सहा फुटांपलीकडे नीट पोचत नाही. ऑइलपेंटच्या भिंतीवर आणि स्टीलच्या भांड्यावर तो चमकतो आणि मागे काळी सावली पडते. आपल्याकडे खिडकी आहे, कौलांत बसवलेलं काचेचं कौल आहे. त्यांचा उजेड फुकट असतो आणि छानही.

वेळ मात्र साधायला हवी. उन्हाचा तुकडा खोलीत पडलेला असतो तेव्हा फोटो घेऊ नका, तेवढाच भाग पांढराफटक होतो आणि बाकीची खोली काळवंडते. खिडकी पूर्वेला असेल तर दुपारी काढा, पश्चिमेला असेल तर सकाळी. ढगाळ दिवस सगळ्यात चांगला. खिडकी डोळ्यात घुसत असेल तर तिच्यावर जुनी पांढरी पातळ साडी सोडा. खिडकीसमोरच्या बाजूला, फोटोत येणार नाही अशी, एक पांढरी चादर दोघींनी धरा. तिच्यावर आपटून परत आलेला उजेड अंधारा कोपरा उघडतो. लाल कोब्याची जमीन असेल तर भिंतीवर लालसर झाक येते. अशा वेळी कॅमेऱ्याच्या पायाशी फिकी चटई अंथरा.

दुसरी गोष्ट, दोन रंगांचे उजेड मिसळू नका. खिडकीचा उजेड निळसर असतो आणि पिवळा दिवा पिवळा. दोन्ही एकत्र आले की अर्धी चादर निळी, अर्धी पिवळी. दिवसा फोटो घेताना दिवे सरळ मालवा. रात्रीचा फोटो हवा असेल तर सगळे दिवे एकाच रंगाचे लावा. दिव्याच्या खोक्यावर आकडा असतो. २७०० किंवा ३००० लिहिलेला दिवा पिवळा, ६५०० लिहिलेला पांढरा. निजायच्या खोलीला ३००० चा उजेड ऊबदार दिसतो.

आता प्रत्यक्ष फोटो. आधी पदराने नको, स्वच्छ मऊ सुती कापडाने लेन्स पुसा. स्वयंपाकघरात वावरलेल्या फोनवर तेलकट थर असतो आणि त्याने खिडकीभोवती धुकं दिसतं. फोन छातीच्या उंचीवर, अगदी उभा धरा. तो वर किंवा खाली कलला की भिंती आणि खांब पडल्यासारखे दिसतात. पडद्यावर चौकटीच्या रेघा आणता येतात, त्यांच्याशी दाराची कड जुळवा. मग पडद्यावर भिंतीला बोट लावा. खिडकी फार पांढरी झाली तर तिथेच येणारं सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा. हात हलत असेल तर फोन स्टुलावर डब्याला टेकवा आणि तीन सेकंदांचा टायमर लावा.

आवराआवर करा, पण खोटी सजावट नको. जो पंखा पाहुण्याला मिळणार तोच दिसू दे, जी गादी मिळणार तीच अंथरा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एक प्रयोग करा. ज्या खोलीत बसाल तिचे दोन फोटो काढा, एक ०.५ वर आणि एक १ वर. ती खोली कधीच न पाहिलेल्या एखादीला दाखवा आणि विचारा, "इथे किती जणी झोपतील?" मग मोजून बघा. कुठला फोटो लावायचा ते तुमचं तुम्हालाच कळेल.

माझ्याकडे आता कमी माणसं चौकशी करतात, हे खरं. पण जे येतात ते दारात थांबत नाहीत. सरळ आत येतात, पिशव्या ठेवतात आणि चहा मागतात.