पोच हरवल्यास काय? प्रोटोकॉल-रचनेच्या अभ्यासक्रमाची ओळख

दोन संगणकांनी परस्परांशी बोलताना पाळावयाच्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. संदेशाचे स्वरूप कसे असावे, कोणत्या संदेशास कोणते उत्तर द्यावे आणि उत्तर न आल्यास किती काळ थांबावे, या तीन गोष्टी त्यात ठरविलेल्या असतात. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बहुधा प्रचलित प्रोटोकॉलांची माहिती दिली जाते. रचनेचा अभ्यासक्रम मात्र वेगळा प्रश्न विचारतो : मधला मार्ग भरवशाचा नसताना नवा प्रोटोकॉल कसा घडवावा?

प्रारंभ अगदी साध्या उदाहरणाने होतो. ‘अ’ ने एक पॅकेट पाठविले, ‘ब’ ने ते स्वीकारून पोच पाठविली, पण पोच वाटेत हरवली. काही वेळ थांबून ‘अ’ तेच पॅकेट पुन्हा पाठवितो. ‘ब’ च्या दृष्टीने हे नवे पॅकेट की जुन्याचीच प्रत? पॅकेटवर क्रमांक असल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. एकावेळी एकच पॅकेट वाटेत असेल आणि पॅकेटांचा क्रम वाटेत बदलत नसेल, तर ० आणि १ हे दोनच क्रमांक आलटून पालटून वापरले तरी पुरतात. १९६९ मध्ये मांडलेली ही युक्ती आजही पहिल्या काही तासिकांत शिकविली जाते, कारण ती बरोबर का आहे हे विद्यार्थ्याला स्वतः सिद्ध करता येते.

बरोबर असलेला प्रोटोकॉल कार्यक्षम असेलच असे नाही. सप्टेंबर २००४ मध्ये सोडलेल्या एज्युसॅटसारखा भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पॅकेट वर जाऊन खाली येण्यास पाव सेकंद लागतो, पोच परत येण्यास तेवढाच. म्हणजे १,००० बाइटचे एकेक पॅकेट पाठवून पोचेची वाट पाहत बसल्यास सेकंदाला जेमतेम १६,००० बिट जातात. वाहिनीची क्षमता सेकंदाला २० लाख बिट असली, तरी तिचा एक टक्काही वापरला जात नाही. यावर उपाय म्हणजे पोच येण्यापूर्वीच सुमारे सव्वाशे पॅकेटे मार्गस्थ करणे. मात्र तसे केल्यावर ० आणि १ हे क्रमांक अपुरे पडतात. रचनेतील एक दुरुस्ती दुसरीला जन्म देते, ती अशी.

या विषयातील सर्वांत बोधप्रद घटना ऑक्टोबर १९८६ मधील आहे. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील विद्यापीठ यांत अंतर अवघे ४०० यार्ड. तेथील संदेशवहनाचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. यंत्रे बिघडलेली नव्हती. गर्दीमुळे पॅकेटे हरवत होती, ती हरवली म्हणून प्रत्येक संगणक पुन्हा पाठवीत होता आणि त्यामुळे गर्दी आणखी वाढत होती. प्रत्येकाचे वर्तन नियमानुसार होते. नियमच एकट्या जोडीचा विचार करून केलेला होता. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा : हरवलेले पॅकेट ही गर्दीची खूण मानावी, वेग एकदम घटवावा आणि मार्ग मोकळा आहे हे जोखत तो पुन्हा वाढवावा. योगायोग असा की, १९८६ मध्येच भारतात एर्नेट प्रकल्प सुरू झाला होता. मुंबईची एनसीएसटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि पाच आयआयटी त्यात सहभागी होत्या.

पत्त्यासाठी किती बिट राखावेत, हा निर्णय त्या मानाने किरकोळ वाटतो. १९८१ च्या आयपी प्रोटोकॉलमध्ये ते ३२ होते, म्हणजे सुमारे ४३० कोटी पत्ते. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातील शेवटचे गट वाटून संपले. १२८ बिटांची नवी आवृत्ती १९९८ मध्येच तयार होती, पण असंख्य यंत्रांत रुजलेला नियम बदलणे हे नवा नियम लिहिण्यापेक्षा कितीतरी कठीण असते.

अभ्यासक्रमातील एक सिद्धान्त विद्यार्थ्यांना प्रथम निराश करतो. संदेश हरवू शकत असतील, तर कितीही पोचा पाठविल्या तरी दोन्ही बाजूंची पूर्ण खात्री पटविणे अशक्य आहे. शेवटची पोच पोहोचली की नाही, हे ती पाठविणाऱ्याला कळत नाही. ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ या नावाने तो ओळखला जातो. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयच्या वापरकर्त्यांना तो वेगळ्या रूपात परिचित आहे : खात्यातून रक्कम गेली, समोरच्याला मिळाली नाही. प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक दिल्याने तीच रक्कम दुसऱ्यांदा वळती होणे टाळता येते, पण अनिश्चितता उरतेच. तिला मर्यादा घालण्याचे काम अखेर मुदतीने करावे लागते. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार अशा हस्तांतरणातील रक्कम व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत व्हावयास हवी. त्यानंतरच्या विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई देय होते.