हत्तीखान्यातलं विमान

बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातल्या जुन्या हत्तीखान्यात अंबाऱ्यांच्या पसाऱ्याबरोबर काही विमानांचे अवशेषही धूळ खात पडले होते. वाळवीनं लाकडाचा भुसा केला होता, धातूचे भाग मात्र टिकून होते. १९९०च्या दशकात ते जाणत्यांच्या नजरेस पडले आणि ओळख पटली: पहिल्या महायुद्धातली डीएच-९, दोन आसनी, द्विपंखी बॉम्बफेकी विमानं.

जेफ्री डी हॅविलँड यांच्या या विमानानं १९१७ मध्ये पहिलं उड्डाण केलं. सिडली प्यूमा इंजिनाकडून अपेक्षा होती ३०० अश्वशक्तीची, मिळाली जेमतेम २३०. बॉम्बचं ओझं घेऊन उंची गाठताना विमानाला धाप लागे, इंजिन वाटेतच दगा देई. त्याची किंमत वैमानिकांनी जिवानं मोजली. तरीही अशी चार हजारांहून अधिक विमानं बांधली गेली. युद्ध संपल्यावर ब्रिटननं उरलेली विमानं साम्राज्यातल्या देशांना भेट दिली. भारताच्या वाट्याला आलेल्यांतली काही महाराजा गंगासिंहांच्या बिकानेरला पोचली.

हे अवशेष इंग्लंडमध्ये ससेक्सच्या कारागिरांकडे गेले. पोखरलेल्या लाकडाच्या भरवशावर माणूस आकाशात पाठवता येत नाही. पण धातूच्या जोडपट्ट्या आणि त्यांवरची भोकं मूळ मापं सांगत होती. त्या मापांनी नवं लाकूड तासलं गेलं. पंखांवर लिननचं कापड चढवायचं, मेण लावलेल्या दोऱ्यानं ते पंखांच्या बरगड्यांना थोड्या थोड्या अंतरावर गाठ मारत शिवायचं आणि वरून डोप नावाच्या लेपाचे हात द्यायचे. डोप वाळला की कापड आक्रसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं. एक टाका ढिला राहिला, तर हवा तिथूनच कापड उचकटते.

त्यातून दोन विमानं उभी राहिली. त्यांतलं डी५६४९ क्रमांकाचं विमान डक्सफर्डच्या इम्पीरियल वॉर म्यूझियममध्ये आहे, तर ई८८९४ मे २०१९ मध्ये तिथल्याच धावपट्टीवरून उडालं.

बरंचसं लाकूड नवं, मग विमान तेच कसं, असं कुणी विचारेल. मला वाटतं, ते तेच आहे. लाकूड वाळवीनं खाल्लं. पण कुठे जोड द्यायचा, कुठे गाठ मारायची, हे शंभर वर्षांपूर्वीच्या हातांचं शहाणपण त्या गंजक्या पट्ट्यांनी जपलं होतं. ते आजच्या हातांत आलं, आणि विमान पुन्हा उडालं.