बेंजोच्या पोटातलं सर्किट

अनंत चतुर्दशीला मुंबईत नायगावच्या बीडीडी चाळींपासून लालबागपर्यंत कुठल्याही मिरवणुकीत बेंजो सुरू झाला, की ढोलकी-ताशाच्या कल्लोळातही त्याची तार वेगळी ऐकू येते. कोळीगीत असो नाहीतर नवं सिनेमाचं गाणं, गर्दी चाल ओळखते ती बेंजोवरून.

हे वाद्य अमेरिकी बँजोच्या कुळातलं नाही. १९१२ मध्ये जपानच्या नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टाइपरायटरसारख्या कळा लावून ताइशोगोतो बनवलं. ते भारतात आलं आणि बुलबुल तरंग झालं. पुढे त्याच्या तारांखाली चुंबकीय पिकअप बसला, अंगावर व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब आले, आणि घरात मांडी घालून वाजवायचं हे नाजूक वाद्य थेट रस्त्यावर उतरलं. रवी जाधव यांच्या २०१६ च्या ‘बँजो’ चित्रपटात रितेश देशमुखच्या हाती हेच वाद्य आहे.

विजेच्या हिशेबाने बेंजो इलेक्ट्रिक गिटारचा सख्खा भाऊ आहे. १९५४ च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये तीन पिकअप, एक व्हॉल्यूम आणि दोन टोन होते. बेंजोत पसारा कमी, तत्त्व तेच. चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण वीज उमटते. ती ॲम्प्लिफायरपर्यंत जाण्याआधी नॉबांखालच्या दोन पॉटमधून, म्हणजे फिरवून बदलता येणाऱ्या रोधांमधून, जाते, आणि वाद्याचा स्वभाव बराचसा तिथेच ठरतो.

पॉट उलटा धरला की तीन पाय दिसतात. व्हॉल्यूमच्या पॉटवर पिकअपची तार एका कडेच्या पायाला, जॅककडे जाणारी मधल्या पायाला, आणि उरलेला पाय वाकवून पॉटच्या पत्र्याच्या पाठीवर डाख देऊन अर्थ केलेला. कडेच्या दोन तारांची अदलाबदल झाली तर नॉब उलटा चालतो. टोनच्या पॉटला मात्र एक कपॅसिटर लागतो. त्यावर ४७३ छापलेलं असेल तर तो ०.०४७ मायक्रोफॅरडचा, २२३ असेल तर ०.०२२ चा. नॉब उतरवत नेला की तीव्र, किनरे स्वर या कपॅसिटरमधून अर्थकडे निघून जातात आणि गोल, खर्जाकडचा आवाज मागे राहतो. टोनचा नॉब काही वाढवत नाही, तो फक्त काढून घेतो.

पॉट किती ओहमचा आहे, हेही बघावं लागतं. एका कॉइलच्या पिकअपला २५० किलो-ओहम आणि दोन कॉइलच्या हमबकर पिकअपला ५०० किलो-ओहम, असा गिटारवाल्यांचा प्रघात आहे. व्हॉल्यूमला लॉग पॉट बरा, कारण आपला कानही त्याच चालीने ऐकतो. लिनियर पॉट लावला तर नॉब थोडा फिरवताच आवाज उसळतो आणि पुढे फारसा फरक जाणवत नाही. लॅमिंग्टन रोडवर हे सुटे भाग सहज मिळतात.

मिरवणुकीत खरी कसोटी लागते. टेम्पोवरच्या ॲम्प्लिफायरपर्यंत जाणारी वायर लांब असते, आणि अशा वायरची स्वतःची कपॅसिटन्स मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरड धरली तर दहा मीटरला ती १००० होते. व्हॉल्यूम थोडा उतरवला की या वायरमुळे तीव्र स्वर आधी मरतात. त्यावर उपाय म्हणून पॉटच्या दोन पायांमध्ये, पिकअपच्या आणि जॅकच्या तारेदरम्यान, सुमारे ०.००१ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर डाखतात. शिवाय मिरवणुकीत गुलाल आहे आणि भाद्रपदातला पाऊस आहे. गुलालाची भुकटी पॉटच्या कार्बनच्या पट्टीवर बसली की नॉब फिरवताना खरखर होते, आणि पत्रा नीट न खरवडता केलेला डाख ओलाव्यात दगा देतो.

आता भोंगे. भोंग्याचा कर्णा खालचे स्वर जवळजवळ सोडूनच देतो आणि मधले-तीव्र स्वर पुढे ढकलतो. त्यात ॲम्प्लिफायर त्याला पेलवेल त्यापलीकडे चढवला की लहरींची टोकं कापली जातात आणि नवी कर्कशता जन्मते. ती पॉटच्या पुढे तयार झालेली असते, म्हणून बेंजोवरचा टोन कितीही उतरवला तरी जात नाही. इथे कामाला येतो तो व्हॉल्यूम. वादकाने तो थोडा खाली घेतला की ॲम्प्लिफायरला मोकळा श्वास मिळतो आणि चाल पुन्हा स्पष्ट होते. जास्त जोराने वाजवलं तर जास्त ऐकू येईल, हा समज या वाद्याला सगळ्यात जास्त नडतो.

या आवाजाशी कायद्याचाही संबंध आहे. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रुग्णालयांभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. नायगावहून परळकडे निघालं की केईएम, वाडिया आणि टाटा ही तीन मोठी रुग्णालयं याच टापूत आहेत. बेंजो बंद करून आवाजाचा प्रश्न सुटायचा नाही. शिस्तीने वाजवलेला बेंजो कमी आवाजातही गर्दीला नाचवतो.

मंडळांनी यंदा सुपारी ठरवताना भोंगे किती लावणार, एवढंच विचारू नये. वाद्य उघडून पॉट साफ केलेत का, डाख तपासलेत का, हेही विचारावं, आणि एक चाल निम्म्या व्हॉल्यूमवर वाजवून ऐकावी.