भिन्न संगणक, एक कार्यप्रणाली
नाशिकसारख्या शहरातील महाविद्यालयीन प्रयोगशाळेत निरनिराळ्या वर्षी खरेदी केलेले, भिन्न बनावटीचे संगणक असतात. एकावरील कार्यप्रणालीची हुबेहूब प्रत दुसऱ्यावर चढविल्यास ती अनेकदा सुरूच होत नाही. दोष प्रतीचा नसतो. नव्या यंत्राची हार्ड डिस्क वाचणारा ड्रायव्हर आरंभीच्या टप्प्यात उपलब्ध नसतो. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली, मराठीची सोय असलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित आहे. डेबियनच्या ‘इनिटरामएफएस’मध्ये, म्हणजे प्रथम स्मृतीत येणाऱ्या संचात, ‘मोस्ट’ पर्यायाने बहुतेक ड्रायव्हर समाविष्ट होतात. ‘डेप’ने केवळ चालू यंत्रापुरतेच. जागा वाचविण्याचा हा मोह प्रयोगशाळेत महाग पडतो. डिस्कच्या विभागाची नोंदही यूयूआयडी क्रमांकाने करावी. ‘एसडीए’सारखे नाव यंत्रागणिक बदलू शकते, क्रमांक प्रतीबरोबर जातो.