मोकळे सोडलेले शोध

भाजीच्या गाडीवर, रिक्षात, देवळाच्या दानपेटीवर आज काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा एक चौकोन चिकटवलेला असतो. हा क्यूआर कोड मासाहिरो हारा या जपानी अभियंत्याने १९९४ मध्ये तयार केला. हारा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेन्सो कंपनीच्या समूहात काम करत. कारखान्यातल्या एकेका खोक्यावर दहा-दहा बारकोड असत आणि कामगारांना ते दिवसभर एकामागून एक स्कॅन करावे लागत. बारकोडमध्ये जेमतेम वीस अक्षरे मावत. हारांनी माहिती आडवी आणि उभी अशी दोन्ही दिशांनी मांडली, आणि एका चौकोनात सुमारे सात हजार अंक बसू लागले.

खरी अडचण त्यापुढे होती. कागदावर इतर मजकूर असताना यंत्राने हा चौकोन क्षणात ओळखायचा कसा? त्यासाठी मासिके, जाहिराती, पुठ्ठ्याची खोकी असे ढीगभर छापील साहित्य तपासले गेले आणि त्यातल्या काळ्या-पांढऱ्या जागांची प्रमाणे मोजली गेली. छपाईत क्वचितच आढळणारे प्रमाण निघाले १:१:३:१:१. कोडच्या तीन कोपऱ्यांतले ठळक चौकोन याच प्रमाणात आखलेले आहेत. त्यांच्या मध्यातून कोणत्याही दिशेने रेघ ओढा, प्रमाण तेच राहते. म्हणून फोन तिरका धरला तरी काम होते.

कंपनीने या कोडचे पेटंट घेतले, पण त्याचा हक्क कोणावर बजावणार नाही असे जाहीर करून टाकले. दर स्कॅनमागे काही पैसे जपानला जात असते, तर कोथिंबिरीच्या जुडीसाठी कोणी फोन पुढे केला नसता. शोधांच्या इतिहासात कल्पना सुचण्याच्या क्षणाचे कौतुक खूप होते. शोध हाती आल्यावर त्याचे काय करायचे, या निर्णयाबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही. जगाच्या दृष्टीने कित्येकदा तो निर्णयच मोठा ठरला आहे.

राइट बंधूंचे उदाहरण उलट दिशेचे आहे. १९०३ मध्ये त्यांचे विमान उडाले, १९०६ मध्ये पेटंट मिळाले आणि पुढची कित्येक वर्षे विमाननिर्माता ग्लेन कर्टिस आणि इतरांशी खटले लढण्यात गेली. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा तिच्या वैमानिकांना प्रामुख्याने फ्रेंच आणि ब्रिटिश बनावटीची लढाऊ विमाने चालवावी लागली. अखेर त्याच वर्षी सरकारच्या दबावाखाली विमान कंपन्यांनी आपापली पेटंटे एकत्र केली.

तरीही पेटंट धरून ठेवणारा प्रत्येक जण लोभी असतो, असे म्हणणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८४९ मध्ये सेफ्टी पिन शोधली. आपल्याकडे बायकांच्या बांगड्यांत अडकवलेली असते तीच ही. थोडेसे कर्ज फेडायचे म्हणून त्याने तिचे सगळे हक्क ४०० डॉलरला विकले. त्याआधी त्याने शिलाई यंत्रही बनवले होते, पण त्यामुळे हाताने शिवणाऱ्या बायकांची रोजी जाईल या विचाराने पेटंट घेतले नाही, असे सांगितले जाते. पुढे शिलाई यंत्रांचे निर्माते हाऊ आणि सिंगर यांनी त्याच यंत्रावरून कोर्ट गाजवले. हंटच्या हाती काही आले नाही.

आपल्या शंकर आबाजी भिसे यांची गोष्ट याहून चटका लावते. १८६७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या या माणसाने दुकानातल्या मालाचे आपोआप वजन करणाऱ्या यंत्राच्या आराखड्याने लंडनमधली एक स्पर्धा जिंकली आणि मग लंडनला जाऊन दादाभाई नौरोजींचा पाठिंबा मिळवला. छपाईचे खिळे वेगाने ओतणारे त्यांचे ‘भिसोटाइप’ हे यंत्र त्या काळच्या मुद्रण व्यवसायाला हलवून टाकणारे होते. पण यंत्राचा नमुना बनवायला, ते कारखान्यात उभे करायला आणि जुन्या कंपन्यांशी टक्कर द्यायला भांडवल लागते. सर रतनजी टाटांनी पैसा घातला, टाटा-भिसे नावाचे सिंडिकेट निघाले, तरी ते टिकले नाही. भिसे पुढे अमेरिकेत गेले आणि १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वारले. ‘हिंदी एडिसन’ ही पदवी तेवढी मागे राहिली. हारांना पगार होता, मागे मोठी कंपनी होती. भिशांजवळ पेटंटाखेरीज दुसरी शिदोरी नव्हती. ती त्यांनी जगाला फुकट द्यावी, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही.

शोध मोकळे करणाऱ्यांच्या मागे बहुतेक वेळा संस्था उभी असते. अभियंते निल्स बोहलिन व्होल्वो या मोटार कंपनीत येण्यापूर्वी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या इजेक्शन सीटवर काम करत. तेव्हाच्या मोटारीतला पट्टा फक्त पोटावरून जाई आणि जोराच्या धडकेत तोच पोटातल्या अवयवांना इजा करी. बोहलिनने १९५९ मध्ये छाती आणि ओटीपोट दोन्ही धरणारा, कमरेच्या बाजूला एका हाताने अडकवता येणारा पट्टा केला. व्होल्वोने तो सगळ्या कंपन्यांना वापरू दिला. जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेनेही ३० एप्रिल १९९३ रोजी टिम बर्नर्स-ली यांचे वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी विनामूल्य खुले केले.

इन्शुलिनचा दाखला मात्र अर्धाच आनंदाचा आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला पहिले इंजेक्शन दिले गेले. अर्क अशुद्ध होता, त्याला त्रास झाला. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केला आणि बाराच दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या इंजेक्शनने मुलाची साखर उतरली. पुढच्या वर्षी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या तिघा संशोधकांनी प्रत्येकी एक डॉलर घेऊन पेटंट टोरोंटो विद्यापीठाला दिले. शंभर वर्षांनंतर शेजारच्या अमेरिकेत रुग्ण पैसे पुरत नाहीत म्हणून इन्शुलिनचे डोस वाचवत होते. मूळ औषध मोकळे होते. सुधारित प्रकार, ते टोचायची पेने आणि बाजारपेठ मोजक्या कंपन्यांच्या मुठीत गेली.

म्हणूनच मला ओआरएसची हकीकत सर्वांत शिकण्यासारखी वाटते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत कॉलरा पसरला. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण पिंपांत भरले आणि नातेवाइकांनाच ते रुग्णांना पाजायला सांगितले. आतड्याच्या पेशी ग्लुकोज शोषताना सोबत सोडियम ओढून घेतात आणि सोडियममागे पाणी येते. हे शरीरशास्त्र प्रयोगशाळेत ठाऊक होते, ढाक्यात रुग्णांवर चाचण्याही झाल्या होत्या. डॉक्टर-परिचारिकांविना, चिखलात, हजारो माणसांवर ते चालेल यावर मात्र कोणाचा विश्वास नव्हता. महालनबीस यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

पेटंट नव्हतेच, पण शोध मोकळा आहे म्हणून तो घरोघर आपोआप पोचत नाही. बांगलादेशातल्या ब्रॅक संस्थेने १९८० पासून दहा वर्षांत एक कोटीहून अधिक घरांत जाऊन आयांना चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ पाण्यात कसे मिसळायचे ते शिकवले. शिकवणाऱ्या बायकांचा मोबदला नंतरच्या तपासणीवर ठरे. आयांना जितके नीट आठवे आणि जमे, तितके पैसे जास्त.

आणि मोकळ्या वस्तूची राखणही करावी लागते. ओआरएसचे नाव कोणाच्या मालकीचे नव्हते, त्यामुळे आपल्या औषधांच्या दुकानांत साखरेची गोड पेयेही त्याच नावाने खपू लागली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. साखर फार झाली तर ती पाणी आतड्यात खेचते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष याविरुद्ध कित्येक वर्षे एकाकी झगडल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला बंदी केली. महालनबीस हे पाहायला नव्हते. ते २०२२ मध्ये गेले, आणि पद्मविभूषण त्यांना मरणोत्तर मिळाले.