आवाजाची शाळा निवडताना

१९९३ साली दूरदर्शनवर लागणाऱ्या ‘जंगल बुक’बद्दल आई-बाबांना जरूर विचारा. त्यातला शेरखान जपानी चित्रकारांनी काढलेला. पण हिंदीत तो गुरगुरायचा नाना पाटेकर यांच्या आवाजात! आणि २०२१ च्या हिंदी ‘पुष्पा’मध्ये अल्लू अर्जुनच्या तोंडी आवाज होता आपल्या श्रेयस तळपदेचा. पडद्यावर न दिसता केलेला हा आवाजाचा अभिनय.

तुम्ही सोलापूर-तुळजापूर रस्त्यावरच्या तामलवाडीत राहत असाल, तर म्हणाल, ‘हे सगळं मुंबईचं काम!’ पण तुळजापूर तर तुमच्याच रस्त्यावर आहे. तिथला गोंधळी ऐकलाय ना? आख्यान सांगताना घडीत राजा होतो, घडीत राणी. वेष तोच, संबळही तोच. बदलतो तो आवाज!

मग एक दिवस मोबाईलवर जाहिरात दिसते : ‘दोन दिवसांत डबिंग आर्टिस्ट व्हा! काम हमखास!’ सोयाबीनच्या पट्टीतले पैसे बाबांनी त्यात घालायचे का? थांबा. आधी पाच प्रश्न विचारा.

१. शिक्षक चूक कशी सुधारतात? त्यांचं नाटक, डबिंग किंवा आकाशवाणीवरचं काम कुठं ऐकायला मिळेल ते विचारा आणि खरंच ऐका. पण चांगलं बोलणारा चांगलं शिकवतोच असं नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एक तास बसून बघा. नुसतं ‘छान, छान’ म्हणणारे शिक्षक काय कामाचे? ‘तू कुणाशी बोलतोयस? तो किती लांब उभा आहे? त्याला तू घाबरतोस का?’ असं विचारणारे शिक्षक मिळाले, की समजा, गुरू भेटला!

२. माईकसमोर मला किती वेळ? गणित करा. मुलं ४०, माईक एक, वेळ दोन तास. म्हणजे तुमच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं! शिवाय रेकॉर्डिंग परत ऐकवतात का तेही विचारा. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो. म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज परका वाटतो. लोक मात्र तोच ऐकतात!

३. माझ्या घशाची काळजी घेतात का? मुलांचा आवाज साधारण १२ ते १५ व्या वर्षी फुटतो, कारण स्वरतंतू लांब आणि जाड होतात. अशा वेळी ‘जाड आवाज काढ’ म्हणून घसा ताणायला लावणाऱ्याला लांबूनच नमस्कार. घसा दुखला तर ‘आज पुरे’ म्हणणारा शिक्षक खरा.

४. माझ्या बोलीला हसतात का? बातम्या वाचायच्या तर ‘पानी’चं ‘पाणी’ करायला शिकलंच पाहिजे, त्यात कमीपणा नाही. पण उद्या तुमच्याच भागातल्या शेतकऱ्याचं काम आलं, तर ‘कुटं चाललास?’ हे तुमच्याइतकं झकास कोण म्हणेल? नवा उच्चार शिकवणारे शिक्षक हवेत, जुना पुसून टाकणारे नकोत.

५. पैशाचं काय? पावती मिळेल का? वर्ग रद्द झाला तर पैसे परत मिळतील का? आई किंवा बाबा सोबत बसले तर चालेल का? या प्रश्नांनी जे चिडतात, त्यांच्याकडे जाऊच नका. आणि ‘काम हमखास’ म्हणणाऱ्यांपासून तर चार हात लांबच राहा. काम मिळतं ते आवाजाची चाचणी देऊन. आकाशवाणीसुद्धा उद्घोषक निवडताना चाचणी घेते.

पाचही उत्तरं पटली, तर खुशाल जा. नाही पटली, तर पैसेही वाचले आणि घसाही!

तोवर घरची फुकटातली शाळा आहेच. रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचा, फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. मग ‘आई आली!’ हे एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणा. आई बाजारातून खाऊ घेऊन आली तेव्हा, तुम्ही अभ्यास सोडून खेळत असताना आली तेव्हा, आणि दवाखान्यातून बरी होऊन आली तेव्हा. शब्द तेच, आवाज तीन.

तुमचं तिसरं ‘आई आली’ ऐकून आजी ओसरीवर धावली, तर समजा, जमलं!