एकशेवीसने हाणली, पण वाचले किती?

अभनपूरहून निघून विशाखापट्टणमच्या वेशीवर सब्बावरमला उतरणाऱ्या सहापदरी रस्त्याची बातमी रायपूरकरांना आता पाठ झाली आहे. सुमारे ४६५ किलोमीटर, केशकालच्या डोंगरातला जोडबोगदा, बारा-तेरा तासांचा प्रवास निम्म्यावर. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात चार माणसे जमली की समुद्राचा विषय निघतो, आणि रस्ता पुरता वाहता होण्याआधीच प्रत्येकाचा स्वतःचा आकडा तयार असतो. बातमीत सहा-सात तास लिहिलेले असतात. ऐकणारा म्हणतो, ‘आपण तर पाचात पोचू.’ पाच तासांत ४६५ किलोमीटर म्हणजे सरासरी ९३. त्यात चहा, नाके आणि पेट्रोल धरले तर काटा बहुतेक वेळ एकशेदहा-वीसवर ठेवावा लागेल. तेवढे गणित कुणी करत बसत नाही. मला मात्र या ‘आपण तर’मध्येच सगळा प्रश्न दिसतो.

वेगमर्यादा मोडणारा माणूस बेफिकीर असतो, असे समजून आपण त्याला सोडून देतो. चार जणांशी बोलून पाहा, प्रत्येकाकडे कारणे असतात आणि ती विचार करून ठरवलेली असतात. रस्ता मोकळा आहे. नवीन गाडी आहे, सहा एअरबॅग आहेत. मी ऐंशीने चाललो तर मागचा ट्रक अंगावर येतो. कॅमेरा कुठे आहे ते ठाऊक आहे, तिथे पाय काढतो. पंचवीस वर्षांत एक ओरखडा नाही. आणि या भागात हमखास ऐकू येणारे एक कारण: हळू चालवली की झोप येते.

झोपेचे आधी पाहू, कारण लांब पल्ल्याच्या गाड्या चालवणारी शहाणीसुरती माणसेही ते छातीठोकपणे सांगतात. झोप येते ती आदल्या रात्री न झोपल्यामुळे. वेग तिला फार तर थोडा वेळ झाकतो. डोळ्याला चार सेकंदांची डुलकी लागली तर ऐंशीच्या वेगात गाडी ८९ मीटर आंधळी जाते आणि एकशेवीसच्या वेगात १३३ मीटर. झोप घालवायला वेग वाढवणारा माणूस एका फुटबॉल मैदानाहून कमी अंतराऐवजी सव्वा मैदान डोळे मिटून ओलांडायची तयारी करत असतो.

रायपूर-नागपूर टॅक्सी चालवणाऱ्या, मूळच्या गोंदियाकडच्या एका ड्रायव्हरशेजारी मी पुढच्या सीटवर बसलो होतो. काचेजवळच्या पकडीत मोबाईल, त्यावर नकाशा आणि कोपऱ्यात नागपूरला पोचायची वेळ: ११.५२. बाघनदीची हद्द ओलांडली, देवरी मागे पडली आणि साकोलीपर्यंतचा जंगलाचा पट्टा सुरू झाला. गाडी ११८ वर. ऐंशी ओलांडल्यापासून अधूनमधून वाजणारी बीप त्याच्या कानांना कधीच सवयीची झाली होती. (१ जुलै २०१९ पासूनच्या नव्या मोटारींना ही सोय सक्तीची आहे, एकशेवीसनंतर ती सलग वाजते, म्हणून काटा बरोबर ११८ वर.) तो रस्त्याइतकाच त्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहत होता. ११.५० झाले, मग ११.४८. ‘बघा काका, चार मिनिटं काढली,’ तो म्हणाला. मी म्हटले, ‘दादा, जंगल आहे, जरा हळू घ्या.’ त्यावर तो हसला: ‘काहून घाबरता? रोजचा रस्ता आहे आपला.’ साकोलीला चहा-पोह्यांसाठी थांबलो तेव्हा वेळ पाण्यासारखा गेला आणि नागपूरच्या वेशीवर पारडीच्या गर्दीत नकाशाने उरलेसुरलेही परत घेतले. पण त्याच्या डोक्यात ती चार मिनिटे जमेलाच राहिली. पोह्यांच्या वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही आणि पारडीचा दोष पारडीचा असतो.

पोचायची वेळ दाखवणारा तो आकडा चालकाच्या मनाशी खेळतो, असे माझे ठाम मत आहे. पूर्वी माणूस ‘दुपारपर्यंत पोचू’ म्हणत निघायचा. आता मिनिटागणिक निकाल समोर येतो आणि वेग वाढवला की बक्षीसही लगेच दिसते. धोका तसा कुठल्याही कोपऱ्यात दिसत नाही.

इथे मला ओला स्वेन्सन या स्वीडिश मानसशास्त्रज्ञाबद्दल जरा सविस्तर सांगायचे आहे. स्टॉकहोम विद्यापीठातल्या या माणसाने वेगाबद्दलच्या मानवी गैरसमजांवर अनेक दशके काम केले. त्याचा १९८१ चा एक निबंध प्रसिद्ध आहे. अमेरिकेतल्या आणि स्वीडनमधल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारले की गाडी चालवण्याच्या कौशल्यात तुम्ही तुमच्या गटात कुठे बसता. अमेरिकेतल्या ९३ टक्क्यांनी आणि स्वीडनमधल्या ६९ टक्क्यांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवले. अर्ध्यात मावतील तेवढीच माणसे वरच्या अर्ध्यात असू शकतात. ‘माझा गाडीवर कंट्रोल आहे’ हे वाक्य म्हणणारा खोटे बोलत नसतो, त्याला तसे मनापासून वाटत असते; म्हणून तर त्याला समजावणे अवघड जाते.

पण स्वेन्सनचे मला अधिक महत्त्वाचे वाटणारे काम वाचलेल्या वेळेबद्दलचे आहे. वेग वाढवल्यावर किती वेळ वाचेल याचा अंदाज माणसे चुकवतात, आणि एकाच दिशेने चुकवतात: आधीच वेगात असताना आणखी वाढवलेल्या वेगाला ती फार मोल देतात, मंद वेगातल्या वाढीला फार कमी. शंभर किलोमीटरचा रस्ता घ्या. वीसऐवजी चाळीसने गेलात तर अडीच तास वाचतात. चाळीसचे साठ केलेत तर पन्नास मिनिटे, साठचे ऐंशी केलेत तर पंचवीस. ऐंशीवरून शंभरवर गेलात तर पंधरा मिनिटे, शंभरवरून एकशेवीसवर दहा, एकशेवीसवरून एकशेचाळीसवर जेमतेम सात. दर वेळी वीसच वाढतात आणि हाती येणारा वेळ आटत जातो. पायाला मात्र उलटे जाणवते. एकशेचाळीसला गाडी थरथरते, झाडे झपाट्याने मागे पडतात, म्हणजे वेळही तसाच वाचत असणार असे वाटते.

आता दुसरे पारडे. योरान निल्सन या स्वीडिश संशोधकाने वेगमर्यादा बदललेल्या रस्त्यांचा अभ्यास करून एक सूत्र मांडले. एखाद्या रस्त्यावरच्या वाहतुकीचा सरासरी वेग जितक्या पटीने वाढतो, त्याच्या चौथ्या घाताने जीवघेणे अपघात वाढतात. सरासरी शंभरची एकशेवीस झाली तर १.२ चा चौथा घात, म्हणजे दुपटीहून किंचित जास्त. शंभर किलोमीटरमागे दहा मिनिटे, आणि मोबदल्यात दुप्पट मृत्यू. हा सौदा असा समोर मांडला तर एकही चालक घेणार नाही. मांडला जात नाही म्हणून रोज घेतला जातो.

गाडी थांबवण्याचे गणित तर घरी कागदावर करून पाहण्यासारखे आहे. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरा, रस्ता कोरडा आणि टायर चांगले धरा. ऐंशीच्या वेगातली गाडी सुमारे ६९ मीटरवर उभी राहते. त्याच जागी तेच दिसल्यावर तेवढ्याच वेळात ब्रेक दाबलेली शंभरच्या वेगातली गाडी ६९ व्या मीटरला अजून ताशी सत्तरहून अधिक वेगात असते. वेगात फरक वीसचा होता. पहिली गाडी टेकलीसुद्धा नाही, दुसरी सत्तरच्या वेगाने आदळली. एअरबॅग आपल्यासाठी असते. समोरच्याला तिचा काय उपयोग?

छत्तीसगडच्या रस्त्यावर समोर कोण असते, हा प्रश्न स्वीडनपेक्षा वेगळा आहे. पावसाळ्यात शेते आणि माळ चिखलाने भरतात, तेव्हा गुरांना कोरडी जागा म्हणजे महामार्गाचे डांबर. रात्री अंधारात कळपच्या कळप बसलेले असतात. बिलासपूरच्या उच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या गुरांवरून सरकारला वारंवार फटकारले आहे. धानखरेदीच्या दिवसांत सोसायटीकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा दिवा असतोच असे नाही. चौपदरी रस्त्याच्या कडेने उलट्या दिशेने येणारी मोटारसायकल असते, कारण दुभाजकातली पुढची फट दोन किलोमीटरवर असते. आणि मालवाहू गाडीत बसलेली माणसे असतात. मे २०२५ मध्ये रायपूर-बलौदाबाजार रस्त्यावर सारागावजवळ रात्रीच्या अपघातात १३ जण गेले. बाळाच्या छठीचा कार्यक्रम आटोपून ते अशाच मालवाहू गाडीतून घरी निघाले होते. ‘रस्ता मोकळा आहे’ म्हणणाऱ्या चालकाला दिवे पोचतात तेवढाच रस्ता दिसत असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ मृत्यू नोंदले आहेत आणि त्यांतले ७१.२ टक्के अतिवेगाच्या खात्यावर. या टक्केवारीबद्दल मी सावध आहे. तपास होत नाही तेव्हाही पोलिसांच्या फॉर्मात कारणाचा रकाना भरावाच लागतो आणि ‘अतिवेग’ लिहिणे सोपे असते. खराब वळण, कडेला विनादिवा उभा ट्रक, गायब फलक हे सगळे त्या एका शब्दाखाली झाकले जाते आणि रस्ता बांधणारा सुटतो. वेग घातक आहे हे सिद्ध करायला निल्सनचे सूत्र आणि ब्रेकचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

चालकांच्या तक्रारींतली एक मात्र मला पूर्ण मान्य आहे: मर्यादेचे फलक विश्वास ठेवण्यासारखे नसतात. केंद्राच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजकाच्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि शहरी रस्त्यांवर ७० असे आकडे आहेत, मालवाहू गाड्यांसाठी मोठ्या रस्त्यांवर ८०. प्रत्यक्षात काम संपून कितीतरी दिवस लोटले तरी वळणमार्गाचा ‘४०’ तसाच उभा असतो आणि खरोखर धोक्याच्या गावफाट्यावर फलकच नसतो. दहा फलक खोटे निघाले की अकरावा खरा फलकही माणूस वाचत नाही. नवा रायपूरमध्ये तर रस्ताच फलकाच्या विरुद्ध बोलतो. सहा-सहा पदरांचे सरळ, रिकामे रस्ते बांधायचे आणि खांबावर साठ लिहायचे. तरुण पोरे संध्याकाळी तिथे गाड्या पळवतात त्यात नवल नाही. दंडाची भीतीही तुटपुंजी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आहेत, पण कॅमेऱ्याची जागा पाठ असलेल्याला ते कधी भरावेच लागत नाहीत.

शिवाय लांबच्या वेगाची सवय शहरात येताना उतरत नाही. तासभर एकशेदहाने आल्यावर सत्तर म्हणजे रांगल्यासारखे वाटते. रायपुरात टाटीबंधला शिरणाऱ्या गाड्या पाहा, काट्याकडे न पाहता चालकाला आपण हळूच चाललोय असे वाटत असते. विशाखापट्टणमची वाहतूक अभनपूरला उतरू लागेल तेव्हा तिथल्या बाजारात हेच होणार आहे.

यावर इलाज ठाऊक आहे. एका जागी वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्याऐवजी दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजायचा. इटलीत २००५ पासून महामार्गांवर ही पद्धत आली आणि त्या टप्प्यांवरचा मृत्युदर पहिल्याच वर्षात निम्म्यावर आला. ‘कॅमेऱ्यापाशी पाय काढतो’ हे कारण तिथे आपोआप मोडीत निघते. प्रवेश-नियंत्रित रस्त्यावर गाडी कुठून केव्हा आत आली आणि कुठे केव्हा बाहेर पडली याची नोंद टोलसाठी फास्टॅगवर होतेच. वेळ आणि अंतर दोन्ही हाती असताना भागाकार करायला कुणाची हरकत असावी? रस्ता उघडण्याच्या समारंभाआधी हे ठरले पाहिजे, लोकांना ‘पाचात पोचलो’ सांगायची सवय लागण्याआधी.

हायवावाल्यांचा, म्हणजे टिपर ट्रक चालवणाऱ्यांचा, प्रश्न मात्र भागाकाराने सुटणार नाही. सिलतरा-उरलाच्या कारखान्यांकडे माल ओढणाऱ्या चालकाला फेरीवर पैसे मिळत असतील तर त्याची वाचलेली मिनिटे म्हणजे त्याच्या घरातला पगार आहे; त्याला स्वेन्सन सांगून काय उपयोग? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती. कारखान्याच्या गेटवर गाडीचा नंबर, वजन आणि पावती तपासली जाते. त्याच टेबलावर, हा चालक आज कितव्या तासाला गाडी चालवतोय, एवढा एक रकाना वाढवायला नवा कायदा लागत नाही.